कट्ट्याच्या मधल्या विड्या

तानुबाईनं तीस वर्षं निपाणीत विड्या वळल्या. कारखान्यातला चेकर पंचवीस विड्यांचा कट्टा हातात घेऊन वरवर नजर फिरवायचा, आणि एखादी जरी ढिली दिसली तरी मूठभर विड्या छाट म्हणून फेकून द्यायचा. त्या मेल्याला दयामाया नव्हती. म्हणून सगळ्याच बाया करत तेच तीही करायची. चांगल्या विड्या बाहेरून, ढिल्या मध्ये. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्याच विड्यांवर शिकलेली तिची लेक उपासना बेळगावात कर्करोगावर संशोधन करते. आज ती आईच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन घरी आली होती. फुप्फुसातल्या गाठीवर नेहमीची औषधं चालणार नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. उरलीसुरली आशा या कागदात होती.

“मला कळंल असं सांग,” तानुबाई म्हणाली.

“आई, अंगातली प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे बाहेर मांडती. राखणदार पेशी चेकरसारख्या ते बघत फिरत्यात. वंगाळ तुकडा दिसला की त्या पेशीला मारत्यात. तुझ्या गाठीनं तुकडे बाहेर न्यायची वाटच बंद केलीया.”

“म्हंजे ढिल्या विड्या मधी घातल्या.” तानुबाईला हसू आलं. हसण्याचा खोकला झाला.

उपासनानं तिला पाणी दिलं. “व्हय. पण वाट बंद झाली की दुसरीकडनं भलतेच तुकडे वर येत्यात, चांगल्या पेशीवर कधी न दिसणारे. ते वळखणाऱ्या राखणदार पेशी तुझ्यात हाईत का, तेच बघितलं.”

“हाईत?”

“हाईत. पण लई थोड्या. त्यास्नी वाढवायचं औषध अजून चाचणीतच हाय. आठ म्हैन्यांमागं कळलं असतं तर तुझं नाव घातलं असतं. आता तुझ्या अंगात तेवढी ताकद न्हाय, ते घेत न्हाईत.”

“आठ म्हैन्यांमागं तुझी पीएचडी चाललेली. तुझ्या जिवाला घोर कशाला, म्हणून न्हाय सांगितलं.”

उपासनाला आठवलं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत व्हिडिओ कॉलवर आईचं नुसतं कपाळ दिसायचं, इतका ती फोन जवळ धरायची. मग एकाएकी ती शेळी दाखवू लागली, जास्वंद दाखवू लागली, शेजारच्या अक्काताईची नवी गच्चीसुद्धा. तिचं तोंड मात्र दिसेना. ‘आई लई हौशी झालीया,’ असं उपासना मैत्रिणींना कौतुकानं सांगायची. नेहमीचं दिसेनासं होऊन भलतंच दिसू लागलं की तिथं थांबून बघायचं, हेच ती पाच वर्षं शिकत होती. तिला स्वतःची किळस आली.

“आई, मला कळाय पायजे होतं गं.”

तानुबाईनं तिच्या हातातला कागद काढून घडी घातली.

“शेळी दावली की तू हसायचीस,” ती म्हणाली. “मला वाटायचं, झाला कट्टा पास.”