वाचून विसरलेली अक्षरं

मित्रांनो, आधी हात पुसा, मग मला उघडा. मी एक जुना शब्दपट आहे. जुना म्हटलं की लोक लगेच 'बिचारा' म्हणतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, माझ्या बिजागऱ्या अजून शाबूत आहेत आणि माझं एकही घर पुसट झालेलं नाही. माझ्यासोबत एक कापडी पिशवी असते. तिच्यात अक्षरांच्या लाकडी सोंगट्या आहेत. पिशवीत हात घालायचा, न बघता सात सोंगट्या काढायच्या, आपल्यापुढच्या पट्टीवर उभ्या करायच्या आणि समोरच्याला दिसू न देता माझ्यावर शब्द जुळवायचे. काना-मात्रा ज्यानं त्यानं मनानं लावायच्या. एवढाच खेळ, पण त्यापायी मी भल्याभल्यांना जेवायचं विसरताना पाहिलं आहे.

माझा जन्म लाकडी खेळण्यांच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरानं मला तीनदा घासलं, दोनदा रंगवलं आणि वर म्हणाला, "हा आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगणार." त्याचं म्हणणं मी आजवर खोटं ठरू दिलेलं नाही. पुढं दोन बहिणींनी मला दुकानातून घरी आणलं. थोरली घरीच शिवणकाम करायची. धाकटी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दोघींची घरं एकाच जिन्यावर, एक वर, एक खाली.

ते माझे वैभवाचे दिवस. रोज संध्याकाळी सहा वाजता थोरली मशीनवरचं कापड बाजूला सारायची आणि मला मांडायची. धाकटी चपला काढता काढताच विचारायची, "ताई, आज रडायची तयारी आहे ना?" थोरली म्हणायची, "आधी बस तरी. कालचं विसरलीस वाटतं?" मग दोघी अशा भांडायच्या की शेजारचे खिडकीत यायचे. एखादा शब्द आहे की नाही यावरून त्या एकदा दोन दिवस बोलल्या नव्हत्या; पण त्या दोन्ही दिवशी खेळल्या मात्र, तोंडं फुगवून. मला रोज कोरड्या फडक्यानं पुसलं जायचं. पाहुणे आले की मला दाखवलं जायचं. मी थोडा चढून गेलो होतो हे कबूल करतो.

अशी एकतीस वर्षं गेली. मग धाकटीची नजर अधू झाली. जिना उतरणं जमेना. तिचा मुलगा दूरच्या शहरात होता, तो येऊन तिला घेऊन गेला. मला वाटलं, संपलं, आता आपण माळ्यावर. पण दुसऱ्याच दिवशी सहा वाजता थोरलीनं मला मांडलं, फोन माझ्याशेजारी उभा केला आणि म्हणाली, "हं, बोल."

मित्रांनो, फोनवर हा खेळ कसा खेळायचा? पिशवी तर एकीकडेच. तेव्हा थोरली दोघींसाठी सोंगट्या काढायची. आपल्या सात, मग धाकटीच्या सात. धाकटीला दिसत नसे, म्हणून तिची अक्षरं तिला वाचून दाखवावी लागत. आता ज्याची अक्षरं समोरच्याला ठाऊक, त्याच्याशी खेळण्यात काय राम? म्हणून दोघींनी एक नियम केला. थोरलीनं वाचायचं आणि विसरायचं.

"विसरलीस?" पलीकडून प्रश्न यायचा.

"विसरले," थोरली म्हणायची, आणि धाकटीची पट्टी भिंतीकडे फिरवून ठेवायची.

दोन वर्षं हे चाललं. मग धाकटी शब्द लावताना चुकायला लागली. जिथं सोंगटी आधीच आहे तिथं दुसरी लावायला सांगायची. थोरली काही न बोलता शेजारच्या घरात लावून द्यायची. एका संध्याकाळी धाकटी म्हणाली, "ताई, आता पट माझ्या डोळ्यांपुढं येत नाही गं. कुठं काय आहे ते राहतच नाही डोक्यात. तू दुसरं कुणीतरी बघ खेळायला."

"मला नको दुसरं कुणी," थोरली म्हणाली.

"वेडी आहेस का? दिवसभर त्या मशीनशी बोलत बसशील."

तसंच झालं. थोरली मशीनशी बोलायला लागली. मी कपाटावर गेलो. धूळ बसली. धुळीचं मला इतकं वाईट वाटत नव्हतं, खरं सांगतो. सहा वाजले की ती हातातली सुई थांबवून उगीच दाराकडे बघायची, ते मला बघवत नव्हतं.

भावाची मुलगी अधूनमधून यायची. तिनं हे पाहिलं आणि आत्याच्या फोनमध्ये शब्दखेळ घालून दिला. जगातला कुणीही माणूस समोर येई, पण बोलत नसे. तो शब्द लावी आणि निघून जाई. आठवडाभरानं थोरलीनं फोन तिच्यापुढं धरला. "अगं, याला पिशवीच नाही. आणि जिंकल्यावर डिवचायचं कुणाला?"

"मग क्लब शोधू," भाची म्हणाली.

शोधणं म्हणावं तितकं सोपं नव्हतं. पहिला क्लब सापडला, त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर सहा वर्षांत कुणी काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्याचा पत्ता होता. मला काखोटीला मारून दोघी तिथं गेल्या, तर तिथं व्यायामशाळा निघाली. घामाघूम झालेला एक पैलवान मला न्याहाळून म्हणाला, "मावशी, हे उचलायचं असतं का?" शेवटी भाचीनं शब्दखेळ खेळणाऱ्यांच्या एका गटावर सरळ प्रश्न टाकला: आमच्या भागात कुणी समोरासमोर बसून खेळतं का? तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, दर रविवारी चारला, आपापला पट घेऊन या. लिहिणाऱ्या होत्या तिथल्या ग्रंथपाल बाई.

त्या रविवारी थोरलीनं इस्त्रीची साडी नेसली आणि मला ओल्या फडक्यानं पुसलं. ओलं फडकं मला चालत नाही, पण मी गप्प बसलो. खोलीत चार टेबलं होती. आमच्यासमोर एक घड्याळजी आले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले, बोलायला कमी. त्यांना पाहताच थोरलीची कळी खुलली. तिनं पिशवी हलवली, आपल्या सात सोंगट्या काढल्या, आणि मग दोन वर्षांच्या सवयीनं पुन्हा हात घालून त्यांच्याही सात काढल्या. नुसत्या काढल्याच नाहीत, तर एकेक वाचूही लागली.

घड्याळजींचा चेहरा लाल झाला. "माझे हात मोडलेले नाहीत, बाई!" ते म्हणाले आणि उठून गेले.

सगळी खोली आमच्याकडे बघत होती. थोरलीनं सोंगट्या पिशवीत भरल्या, घरी आली आणि मला पुन्हा कपाटावर ठेवलं. "या वयात शोभा करून घेतली," ती मशीनला म्हणाली. पुढचे तीन रविवार ती गेली नाही.

चौथ्या आठवड्यात ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "तुम्ही येत नाही, आणि तेही येत नाहीत. अहो, वर्षभरापासून त्यांचे हात थरथरतात. त्यापायी दुकान बंद करावं लागलं. सोंगट्या काढायला त्यांना वेळ लागतो. त्यांना वाटलं, तुम्ही कीव केली."

थोरलीनं फोन ठेवला. मग मला उचललं आणि पत्ता विचारत थेट घड्याळजींच्या दारात जाऊन उभी राहिली. दार उघडलं. आत भिंतीवर दहा-बारा घड्याळं, सगळी चालू.

"मी कीव केली नाही," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "मला तुमच्या हातांचं ठाऊकसुद्धा नव्हतं. मी बहिणीच्या सोंगट्या काढत होते." आणि तिनं सगळं सांगितलं. फोन, अधू नजर, वाचायचं आणि विसरायचं.

घड्याळजींनी ऐकून घेतलं. "वाचून विसरता? जमतं ते?"

"छे! कसलं जमतंय?" थोरली म्हणाली. "तिच्याकडे काय आहे ते दिसायचं, मग तिची वाट अडवणारा शब्द लावायला हात धजायचा नाही. दोन वर्षं मी मुद्दाम हरले. तिला अजून सांगितलेलं नाही."

घड्याळजींनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग टेबलावरची अवजारं सरकवून जागा केली. "लावा फोन त्यांना. मी त्यांच्या बाजूनं बसतो. पट मी बघेन, शब्द त्या सुचवतील."

फोन लागला. थोरली म्हणाली, "अगं, तुला डोळे मिळालेत. खेळणार का?" घड्याळजींनी पिशवीत हात घातला. सोंगट्या टेबलावर एकेक करून येत होत्या, एक तर घरंगळून खाली गेली.

"कोण काढतंय? इतका वेळ?" पलीकडून धाकटी.

"मी. हात थरथरतात माझे. वेळ लागेल."

"लागू द्या की! मला कुठं गाडी गाठायची आहे?"

घड्याळजी हसले. त्यांनी पट्टी आपल्याकडे वळवली, फोन कानाला लावला आणि तोंडावर हात धरून अक्षरं हळूच सांगितली. मग पलीकडून कुजबुज, इकडून कुजबुज. थोरली मान उंच करून बघू लागली, तर त्यांनी पट्टी हातानं झाकली. धाकटीकडे काय आहे, हे थोरलीला ठाऊक नव्हतं. फोनवर खेळायला लागल्यापासून पहिल्यांदा.

"ताई," फोन पुन्हा टेबलावर येताच धाकटीचा आवाज आला, "रडायची तयारी आहे ना?"

थोरली आधीच रडत होती. ती खऱ्याखुऱ्या जिद्दीनं खेळली, आणि तरी एकवीस गुणांनी हरली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटावर माझ्यासारखा कुणी असेल. त्याला पुसाल तर बरंच, कोरड्या फडक्यानं. पण त्याच्यापुढं रोज बसणारं माणूस आता एकटं आहे का, तेही बघा. असेल तर शोधा कुणीतरी त्याच्यासाठी. वाचनालयात विचारा, फोनवरच्या गटांवर विचारा, पहिला पत्ता चुकला तर दुसरा बघा. आणि तेही जमेस्तोवर तुम्ही स्वतः बसा. हरलात तरी चालेल, फक्त मुद्दाम हरू नका.