कात्रीने कापलेली पिसं

माझा नवरा सेल्सो बिल्बाओच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाला आणि आम्ही माझ्या माहेरी, कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यात राहायला आलो. इथे नदीवर कुणी भेटलं की तब्येतीची चौकशी नंतर, आधी विचारतात, "माशी कुणी बांधली?" गळाला रेशमाचा दोरा गुंडाळायचा, कोंबड्याच्या पिसाचे तंतू पंखांसारखे बसवायचे, की ट्राउट मासा खरी माशी समजून त्यावर झडप घालतो. सेल्सोची माशी दुकानातली होती. लोक इतके हसले, की पठ्ठ्याने हट्टच धरला. बांधीन तर स्वतःच.

झालं, माझ्या स्वयंपाकघराचा ताबा गेला. पावात गळ, सूपमध्ये दोरे. पहिली माशी त्याने मोठ्या ऐटीत माझ्यासमोर धरली.

"ही माशी आहे की चपलेखालचं झुरळ?"

"हस, हस. पीसच भिकार आहे त्याला मी काय करू? मावशीच्या कोंबड्याचं पीस मिळू दे, मग बघ."

मावशी म्हणजे माझी होवितामावशी. खोऱ्यात पिसांसाठी कोंबडे पाळणारी आता दोनच माणसं उरलीत, ती आणि तिच्या भिंतीपलीकडचा शेजारी नेमेसिओ. त्यांचं पाटाच्या पाण्यावरून बिनसलेलं, वर्षानुवर्षं बोलणं नाही. मावशीच्या कोंबड्यांचं वाण तिच्या आजोबांपासूनचं. पाठीवरचं पीस तपकिरी, त्यावर बारीक ठिपके, उन्हात धरलं की मधासारखं चमकतं.

मावशी सेल्सोला म्हणाली, "आधी साध्या कोंबडीच्या पिसावर हात बसव. डोळ्यांचं ऑपरेशन करून येते, मग उतरत्या चंद्रात पिसं काढायला शिकवीन. जमलं तर कोंबडे तुझे. नाही जमलं तर हंडीत घालीन. ऐऱ्यागैऱ्याच्या हाती देणार नाही."

मावशीचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. तसं ठरलं आणि ती मोतीबिंदू काढायला लेओन शहरात आपल्या मुलीकडे गेली. कोंबड्यांचं दाणापाणी सेल्सोकडे आलं.

एक दिवस दुपारी तो बारमधून छाती फुगवून आला. हातात नवी बांधलेली माशी, आणि ती खरंच सुंदर होती. सगळ्यांनी माशीचं कौतुक केलं म्हणाला, एकट्या नेमेसिओने खिशातली उरलेल्या पिसांची जुडी मागून घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट बघितली.

"आणि काय म्हणाला?"

"काही नाही. गप्प परत दिली."

मी जुडी हातात घेतली. तपकिरी, बारीक ठिपक्यांची, मावशीच्याच कोंबड्याची पिसं. आणि मुळाशी पांढरी टोकं नव्हती.

"सेल्सो, तू ही कापलीस?"

"मग काय करू? जिवंत कोंबड्याची पिसं उपटू? दुखत नाही का त्याला? कात्रीने अलगद घेतली. एवढा चांगला गरीब कोंबडा, हललासुद्धा नाही."

"अरे शहाण्या, उपटलं तर त्या जागी नवीन पीस येतं. कापलं तर खुंट तसाच राहतो आत, पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत! मावशीचा सगळ्यात चांगला कोंबडा वर्षभरासाठी बोडका केलास तू!"

त्याचा चेहरा उतरला. वाईट हेतू नव्हता, मला कळत होतं. "मावशीला सांग," मी म्हटलं. "ती आली की आधी तूच सांग." तो म्हणाला, "सांगतो."

मावशी आली. हा स्टेशनवर गेला, बॅग उचलली, हवापाण्याबद्दल बोलला. तिला घरी सोडून परत आला.

"सांगितलंस?"

"थकली होती गं. संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळपर्यंत मावशीने नव्या डोळ्यांनी कोंबडा बघितला होता. बारमध्ये आम्ही बसलेलो असताना ती काठी आपटत आत आली आणि थेट नेमेसिओसमोर उभी राहिली.

"चोरट्या! माझी पाठ वळली आणि भिंत ओलांडलीस? पिसं चोरायची तर चोरायचीस, कापलीस कशाला? बापाने पीस काढायलासुद्धा शिकवलं नाही तुला?"

आमच्याकडे चोर म्हटलेलं माणूस एकवेळ पचवेल. पिसाला कात्री लावली म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणंच. नेमेसिओचा बाप या खोऱ्यातला पिसांचा सगळ्यात मोठा जाणकार होता.

मी सेल्सोकडे बघितलं. तो वाइनच्या पेल्यात बघत होता. मी टेबलाखालून लाथ मारली. मान वर केली नाही त्याने. मग मीच उठले, "मावशी, ऐक—"

"बस खाली, देल्फिना," नेमेसिओ म्हणाला. त्याने एकदा सेल्सोकडे नजर टाकली. मग टोपी काढली. "होविता, मीच कापली. चुकलं माझं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. नेमेसिओ टोपी हातातच धरून बाहेर गेला.

मी मागोमाग धावले. "का केलंस हे?"

"तुझ्या नवऱ्याचं नाव कळलं असतं तर उद्या सगळे कोंबडे हंडीत गेले असते. ओळखत नाहीस तिला? ते वाण परत आणणार कुठून?" थोडं चालून तो थांबला. "माशी चांगली बांधली होती त्याने. हात आहे त्याला."

त्या दिवसापासून मला नवऱ्याची एवढी लाज वाटते, की बाजारात मी त्याच्यापासून दोन पावलं लांब चालते. आणि तोंड उघडावं तर कोंबड्यांच्या मानेवर सुरी. तो मला रोज म्हणतो, "सांगतो, कोंबडे एकदा आपल्या अंगणात येऊ देत."

काल चंद्र उतरता होता. मावशीने दुसरा कोंबडा मांडीवर घेतला, मी त्याचे पाय धरले. तिने सेल्सोची बोटं पिसाच्या अगदी मुळाशी ठेवली.

"एक झटका, सरळ. हं. बघ, पांढरं टोक आलं!" मावशी खूश झाली. "शाबास! त्या नेमेसिओपेक्षा तू बरा रे."

सेल्सोचे कान लालबुंद झाले.

"हो, मावशी," तो म्हणाला.