निळ्या डब्याची पंचाईत

सोनारीची कडूबाई पुण्यात लेकाकडं आली, तेव्हा सून अर्पितानं बजावलं, "आई, बाहेर गेलात तर प्लास्टिक निळ्याच डब्यात टाका."

पाण्याची रिकामी बाटली काखोटीला मारून ती बाजारभर फिरली. एक निळा डबा बुडाला फुटका, दुसऱ्याला कुलूप, तिसऱ्यातलं प्लास्टिक झाडणाऱ्यानं तिच्यादेखत ओल्या कचऱ्यात ओतलं.

"ह्यांचा निळा डबा जळो," ती करवादली.

सोसायटीच्या नळावर तिनं बाटली भरली, बुचाला कुंकवाचं बोट लावलं आणि मुकाट्यानं सुनेच्या हाती दिली.

"सोनारीच्या भैरोबाचं तीर्थ? आधी का नाही काढलंत?" अर्पितानं बाटली डोळ्यांना लावून देव्हाऱ्यात ठेवली.

कडूबाईनं पाय पसरले. आता ती बाटली कुठल्या डब्यात टाकायची, ते सून बघून घेईल.