पंधराव्या सोमवारचं मौन

नवऱ्याच्या माघारी छबुबाईंना मिळणारी पेन्शन सहा महिने बंद होती. ती सुरू व्हावी म्हणून त्यांनी सोळा सोमवार धरले होते, दिवे लागेपर्यंत मौन पाळून. आज पंधरावा सोमवार होता, आणि तक्रार घेण्याचा शेवटचा दिवस नेमका आजच आला होता.

गेवराईच्या कार्यालयात सून वनमाला त्यांच्या वतीनं बोलत होती. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

"पेन्शन तुमची हाय का?"

"सासूबाईंची. त्यांचं आज मौन हाय."

"मग तुमाला तक्रार करता येत न्हाई. जिची पेन्शन तिनं करायची, न्हाईतर तिनं नेमलेल्या माणसानं. नेमलंय का त्यांनी तुमाला?"

छबुबाईंनी घाईनं होकारार्थी मान हलवली.

"मान फायलीत कशी लावू, आजी? अंगठा घेण्याआधी तोंडानं सांगावं लागतं. पाचला खिडकी बंद करतो."

पाचला चार मिनिटं होती. वनमालानं सासूचा हात धरला. एवढ्या सोमवारांचं व्रत एका शब्दानं मोडणार होतं. छबुबाईंनी डोळे मिटून महादेवाला हात जोडले.

"लिवा दादा," त्या हळूच म्हणाल्या. "पेन्शन माझी हाय. तक्रार मीच करते."