काठोकाठ भरलेली बाटली

लेक आठ दिवसांच्या सुट्टीवर घरी आली आणि उस्तादांना पहिला संशय आला तो तिच्या गालांचा. चार महिने सैन्यात रंगरूट म्हणून काढलेल्या माणसाचे गाल असे असतात होय? उस्तादांच्या हाताखालची पोरं सुट्टीवर घरी जायची तेव्हा दारात उभ्या असलेल्या आया त्यांना ओळखायच्या नाहीत. आणि ही बाईसाहेब चक्क दोन किलो वाढून आली होती, वर हसत हसत सांगत होती.

उस्ताद म्हणजे तिचे वडील. बावीस वर्षं त्यांनी नव्या रंगरुटांना शिकवलं. निवृत्त होऊन जमाना झाला, पण गल्लीत त्यांना अजून सगळे उस्तादच म्हणायचे. बायकोसुद्धा म्हणायची, चिडली की.

"हात दाखव," ते म्हणाले. लेकीनं तळहात पुढे केले. घट्टे होते, नाही असं नाही, पण उस्तादांचं समाधान होईल इतके नव्हते. मग त्यांनी बूट उलटे करून टाचा पाहिल्या. मग उठवतात किती वाजता, झोपवतात किती वाजता, सगळी उलटतपासणी झाली.

"सात तास झोप सक्तीची आहे, बाबा. आम्ही कमी झोपलो तर शिक्षकांनाच जाब विचारतात."

"ऐकलंस?" उस्ताद बायकोकडे वळले. "झोपायची सक्ती! आम्हाला जागायची होती."

"म्हणून तर रोज दुपारी दोन-दोन तास घोरत पडता," बायको म्हणाली.

पण खरा घोटाळा बाहेर आला तो संध्याकाळी. दोघं पाय मोकळे करायला निघाले तर लेकीच्या हातात पाण्याची बाटली, आणि कोपरा यायच्या आत तिचे दोन घोट घेऊनही झाले.

"एवढ्यात तहान लागली?"

"तहान नाही, सवय. लांब चाल संपली की तिथे बाटली डोक्यावर उलटी धरावी लागते. चार थेंब पडले तर ठीक, धार लागली तर गुण कापतात. आणि भरलेलीच निघाली तर थेट मागच्या तुकडीत रवानगी."

उस्ताद रस्त्यातच थांबले. ही तर कमालच झाली! त्यांच्या काळात बाटली भरून निघायची आणि भरलेलीच परत आणायची. पाणी लढाईसाठी, तहान मारायला शिकायचं, असा नियम. चाल संपली की उस्ताद रांगेतून फिरायचे आणि एकेकाची बाटली कानाशी धरून हलवायचे. काठोकाठ भरलेली बाटली वाजत नाही. एक घोट जरी घेतला असेल तरी ती डुबुक करते, आणि डुबुक झालं की त्या पोराची धडगत नसायची.

यातला शिडीचा किस्सा तर लेकीनं लहानपणापासून शंभर वेळा ऐकला होता. शिडी म्हणजे उस्तादांचा एक ताडमाड रंगरूट. भर उन्हात, चालीच्या शेवटच्या वळणावर तो आडवा झाला, पण त्याची बाटली कानाशी धरून हलवली तर हूं नाही की चूं नाही. "पडला, पण घोट घेतला नाही! अशी पोरं होती माझी," असं म्हणून उस्ताद मांडीवर थाप मारायचे. लहानपणी लेक डोळे मोठे करून विचारायची, "मग?" "मग काय? झाला किस्सा. जा, अभ्यास कर," असं ते म्हणायचे आणि उठून जायचे.

त्या रात्रीच्या जेवणापर्यंत उस्तादांच्या डोक्यात सगळा हिशेब जुळला. प्रशिक्षण केंद्राचा मुख्य शिक्षक आता त्यांचाच एक जुना चेला होता. रंगरूट असताना खिशात पाव लपवून कुरतडायचा म्हणून त्यांनीच त्याचं नाव खारुताई ठेवलेलं. म्हणजे एक तर सगळं केंद्रच मऊ पडलं होतं, नाहीतर खारुताई गुरूची लेक म्हणून हिला तळहातावर झेलत होता. काहीही असलं तरी दोन महिन्यांनी हिची नेमणूक सीमेवरच्या चौकीवर होणार होती. कच्ची पोर तिथे गेली तर परत येणार नाही, एवढं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत होतं. त्यांना भीती वाटत होती. आणि भीती वाटली की त्यांना संशय येतो, हे त्यांच्या बायकोनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं.

"पालकदिनाला जातोय ना मी, तेव्हा खारुताईला सांगतो, हिला एक तुकडी मागे ठेव," ते बायकोला म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून रगडून घे म्हणावं."

"अहो, पोरीनं रक्ताचं पाणी केलंय! तिच्या मनाचा काही विचार?"

"रक्ताचं पाणी केलं असतं तर गाल वर आले नसते. मला फुकटचा गणवेश नकोय घरात."

लेक ताटं उचलायला आली होती. दारातच थांबून तिनं सगळं ऐकलं. मागे अंगणात जाऊन ती बराच वेळ बुटांना पॉलिश करत बसली, आणि सुट्टी संपल्यावर नेहमीसारखी पाया पडून गेली.

तीन आठवड्यांनी पालकदिन आला. बायकोनं गुडघ्याचं निमित्त सांगून अंग काढून घेतलं. तिला हा तमाशा बघायचाच नव्हता. उस्ताद एकटेच गेले आणि फाटकापासून त्यांचं नाक वाकडं व्हायला सुरुवात झाली. जेवणघराच्या खिडक्यांना जाळ्या! खाटांवर जाड गाद्या! जिथे चाल संपायची तिथे झाडाखाली पाण्यानं भरलेला एक भलामोठा टब होता आणि त्यात बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या.

"आंघोळीचीही सोय केलीय वाटतं?" त्यांनी खारुताईला विचारलं.

"लागते कधीतरी, उस्ताद," खारुताई म्हणाला. आता त्याला झुपकेदार पांढऱ्या मिश्या होत्या आणि आवाज बसका झाला होता.

उस्तादांनी आढेवेढे घेतले नाहीत. "माझ्या पोरीला एक तुकडी मागे ठेव."

"ती पहिल्या पाचात आहे. कारण काय लिहू?"

"कच्ची आहे, असं लिही."

"ते कशावरून?"

"मला कळतं. आणि पहिल्या पाचात कशी आली तेही मला कळतं."

खारुताईचा चेहरा उतरला. "तुमच्या नावावर मी तिला एक गुण दिलेला नाही, उस्ताद. आणि तुमच्या शब्दावर मागेही ठेवणार नाही. कारण दाखवा, ठेवतो." उस्तादांची कानशिलं तापली.

इतक्यात मैदानाच्या टोकाला धूळ दिसली. पंधरा किलोमीटरची चाल संपवून तुकडी येत होती, पाठीवर ओझी, ऊन अगदी डोक्यावर. पालक टाळ्या वाजवायला लागले. रांग लागली. "आज तपासणी तुम्ही करा," खारुताई म्हणाला. राग असला तरी गुरूचा मान तो विसरला नव्हता.

पहिल्यानं बाटली डोक्यावर उलटी केली, दोन थेंब. दुसरीनं केली, तिचंही तेच. सगळे घामानं निथळत होते, सदरे अंगाला चिकटले होते. चौथ्या जागी लेक उभी होती. तिनं बाटली उलटी केली नाही. दोन्ही हातांनी वडिलांच्या पुढे धरली.

उस्तादांनी ती जुन्या सवयीनं कानाशी धरली आणि हलवली. हूं नाही की चूं नाही. त्यांची छाती फुगली. खोटं कशाला सांगा, चांगली वीतभर फुगली. पंधरा किलोमीटर आणि एक घोट नाही!

मग त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा लालबुंद झालेला आणि कपाळ कोरडं ठणठणीत. घामाचा टिपूस नाही. डोळे त्यांच्याकडे होते पण ती बघत भलतीकडेच होती. असं कपाळ उस्तादांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

ती जमिनीवर पडलीच नाही. शेजारच्या दोघींनी तिला वरच्या वर झेललं, तिसऱ्यानं ओझ्याचे पट्टे कापले, चौथ्यानं बूट ओढले, आणि उस्तादांच्या पापण्या दोनदा लवायच्या आत ती गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात होती. कुणी आरडाओरडा केला नाही. खारुताई हातातल्या घड्याळाकडे बघत शांतपणे सेकंद मोजत होता. उस्ताद बाटली धरून नुसते उभे राहिले. त्या वेळी आपण शिडीला काय म्हणालो होतो ते त्यांना आठवलं. "ऊठ, नाटक पुरे," असं म्हणालो होतो.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. शुद्धीवर आहे, बोलतेय, जिवाचा धोका टळला, असं ते म्हणाले. उस्ताद बाकावर मटकन बसले. खारुताई शेजारी येऊन बसला, हातात कागद होता.

"भरलेली बाटली. नियमानं मागची तुकडी," तो म्हणाला. "तुम्हाला कारण हवं होतं ना, मिळालं."

"हा नियम काढला कुणी?"

"मी. रांगेत शिडीच्या मागे कोण होतं, विसरलात?"

उस्ताद विसरले नव्हते. ते उठले आणि आत गेले.

लेक खाटेवर पडली होती, हाताला सलाईन लावलेलं, ओठ फुटलेले. उस्तादांना पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला. त्यांनी खांद्याला धरून तिला निजवलं.

"बाबा, वाजली का?"

"नाही."

ती हसली. लहानपणी पहिला नंबर आला की हसायची तशीच. "मग? आता नाही ना म्हणणार मला कच्ची? शिडीसारखीच निघाले की नाही मी?"

उस्तादांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. तीस वर्षं हा किस्सा ते जिथे थांबवत आले होते, तिथेच आज पुन्हा येऊन ठेपले होते, आणि आज उठून जायला वाट नव्हती.

"शिडी मेला गं," ते म्हणाले. "तिथेच. मी त्याची बाटली हलवत होतो तेव्हा."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिचं हसू हळूहळू गेलं.

"तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाही?"

"आधी बाटली बघितली," उस्ताद म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "आजही आधी बाटलीच बघितली, बाळा. तुझ्याकडे नंतर बघितलं."