निम्मं आटवलेलं पाणी

तिसरीच्या वर्गात मी एक नियम केला होता. उत्तर टीचर सांगणार नाही, ते मुलांनीच शोधायचं. प्रशिक्षणातून नवं शिकून आले होते आणि त्या नियमाचा मला भारी तोरा होता.

त्या महिन्यातला प्रश्न अखिलाचा होता. आमच्या नलगोंडा भागात पाण्यात फ्लोराइड फार, म्हणून मुलांचे दात तपकिरी असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण अखिलाचे पाय दोन वर्षांत गुडघ्यापासून वाकले होते. तिनं विचारलं, मल्लेश आणि मी एकाच हातपंपाचं पाणी पितो, मग माझेच पाय का वाकले? मला प्रश्न फार आवडला. चांगला प्रश्न म्हणून आवडला, याची आज लाज वाटते.

सगळ्यांनी घरी पितात ते पाणी बाटलीतून आणलं. त्यात तालुक्याहून मिळालेल्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी गुलाबी झालं तर बरं, पिवळं पडलं तर फ्लोराइड जास्त. मल्लेशची बाटली फिकट नारिंगी झाली. अखिलाची पिवळीधमक. बाटलीच घाण असेल म्हणून मुलांनी धुऊन पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग त्यांनीच ठरवलं, अखिलाच्या आईला विचारायचं.

आम्ही सगळे गेलो तेव्हा अखिलाची आई यादम्मा चुलीपाशी बसली होती. टीचर घरी आली म्हणून तिला कोण आनंद! विचारल्याबरोबर तिनं कौतुकानं सगळं सांगितलं. तिचा थोरला जुलाबांनी गेला, त्या वर्षी मी घरोघर फिरून पाणी उकळून प्या म्हणत होते. टीचर सांगतेय म्हणजे ते औषधच, असं तिनं धरलं. आणि औषध आमच्याकडे कसं करतात? काढ्यासारखं, निम्मं आटेपर्यंत.

मल्लेश पातेल्यात डोकावून म्हणाला, "पाण्याची वाफ झाली, पण फ्लोराइड कुठं जाईल? ते आतच राहिलं की." एरवी मी त्याची पाठ थोपटली असती.

यादम्माला त्यातलं काही उमगलं नाही. ती मलाच विचारू लागली, "टीचर, पाणी वाईट निघालं का? मग आता पाव उरेस्तोवर आटवू?"

मुलं माझ्याकडे बघत होती. नियमाप्रमाणे मी गप्प बसणार, अशी त्यांची खात्री होती. त्या घडीला तो नियम मला फार सोयीचा वाटला, हेही सांगून टाकते.

"नको, यादम्मा," मी म्हटलं. "आटवल्यानं ते विष दुप्पट झालं. उकळायला मी सांगितलं, पण किती ते सांगितलं नाही, आणि उकळून हे विष जात नाही हेही सांगितलं नाही. चूक माझी आहे."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पातेलं चुलीवरून उतरवून बाजूला ठेवलं. तुम्ही नवरा-बायको दोघंही हेच पिता का, असं मी भीत भीत विचारलं.

"कुठलं, टीचर. सगळ्यांपुरतं सरपण कुठून आणू? आम्ही आपलं साधंच पितो. हे फक्त अखिलाला."

उत्तरं लिहून घ्यायचं काम अखिलाकडे होतं. तिनं 'फक्त अखिलाला' असं नीट लिहिलं आणि वही तपासायला माझ्यापुढे धरली.