सासूचा आवाज

माझी आई मेव्हिस आणि माझे दाजी रेजिस यांनी माझ्या बहिणीच्या लग्नापासून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. भांडण नाही हं. जावयाने सासूसमोर यायचं नाही, तिचा आवाज कानावर पडला तर पाठ फिरवून चालू लागायचं, आणि सासूने जावयाचं नावही ओठांवर आणायचं नाही, हा आमचा कायदा आहे. तो मोडण्याइतकी लाज आम्ही दुसऱ्या कशाचीच बाळगत नाही. आई दुकानात शिरली की दाजी मागच्या दाराने बाहेर. निरोप द्यायचा तर मधे तानेल, माझ्या बहिणीची पोर.

"बाबा, आजी म्हणते, मासा मिळाला तर डोकं तिला पाठव."

"सांग, डोकं काय, शेपूटसुद्धा मिळालं नाही."

याच तानेलला सिनेमावाल्यांनी कामासाठी उचललं. ते दक्षिणेतून आले, गाड्या, तंबू आणि पापण्या लावलेला एक भलामोठा रबरी साप घेऊन. गोष्ट अशी, की दोन मुलं रानात हरवतात आणि डोहातला साप त्यांना पाठीवर बसवून घरी पोचवतो. लेकराबाळांना घेऊन बघायचा सिनेमा. आमच्या म्हाताऱ्यांनी खूप खल करून खालचा डोह दिला, अट एकच घातली, की डोहात राहतो त्या खऱ्या सापाचं नाव घ्यायचं नाही.

रबरी साप पाहून आई पोट धरून हसली. "पापण्या! मेल्याला लिपस्टिक पण लावा की." मग हसू थांबलं आणि ती पाण्याकडे बघत राहिली. "खोटा पाण्यात सोडलाय," ती म्हणाली. "खरा बघायला येईल."

मला ते आवडलं नाही. आईला मी ओळखते. ती उगाच काही बोलत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळपासून काहीतरी बिनसलं होतं. पांढरे पोपट, जे एरवी कान किटवतात, एकही नव्हता. मुंग्या अंडी तोंडात धरून कातळावर चढत होत्या. वर आभाळ लख्ख निळं, पण दूर पूर्वेला, जिथून आमचा ओढा येतो, तिथे काळं काहीतरी साठलं होतं. आईने तानेलला माझ्यासमोर बजावलं, "बापाला सांग, वर पाऊस पडलाय. आज पाण्यात उतरायचं नाही."

तानेलने निरोप पोचवला. दाजींनी तो दिग्दर्शक हॅमिशला सांगितला. हॅमिश भला माणूस, पण उन्हाने आणि घाईने पोळलेला. "इथे थेंब नाही रे बाबा," तो म्हणाला. "एकच प्रसंग राहिलाय. पाच मिनिटांत आटपू." दाजींनी मान डोलावली. मला त्यांचा राग आला, पण माझंही कोण ऐकणार?

तानेलला डोहाच्या मधल्या खडकावर बसवलं. कपड्यांखाली कमरेला दोर होता आणि त्याचं दुसरं टोक काठावर दाजींच्या मुठीत. मी त्यांच्या शेजारी टॉवेल घेऊन उभी. रबरी साप पापण्या फडफडवत तानेलभोवती फिरत होता. हॅमिश, कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या आपल्या पडद्यासकट, कड्यावर, आणि तिथेच छत्रीखाली आई. टॉवेलवालीला, म्हणजे मला, सोडून सगळ्यांच्या कानात बोलायची-ऐकायची यंत्रं होती. आईने मात्र पहिल्या दिवसापासून ते घेतलं नव्हतं. सिनेमाच्या पोरांना वाटायचं, म्हातारी यंत्राला भिते. त्यातून तिचा आवाज जावयाच्या कानात गेला असता, हे त्यांना काय ठाऊक!

"दाजी, पाण्याचा वास येतोय का हो?" मी म्हटलं.

"चिखलासारखा. गप, चालू झालंय."

डोहात फेस आला होता. बारीक, पिवळट, काठाकाठाने सरकणारा. तानेल खडकावर पाय हलवत सापाशी गोड गोड बोलत होती.

एवढ्यात दाजी दचकले. त्यांनी कानातलं यंत्र उपटून खाली टाकलं, मान खाली घातली आणि कड्याकडे पाठ केली. दोर मुठीत सैल पडला.

"कोण बोललं?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"दाजी, कोण बोललं?"

ते कानापर्यंत लाल झाले होते, चोरी पकडल्यासारखे. असा शरमलेला पुरुष मी आमच्या वस्तीत एकाच कारणाने पाहिलाय. माझ्या आईने, जिने दुखण्यात तडफडतानासुद्धा या माणसाकडून पाणी मागितलं नव्हतं, तिने वर कुणाचं तरी यंत्र हिसकून त्याच्या कानात तोंड उघडलं होतं. आणि हा खुळा, कायद्याला जागून, पुढचं ऐकायच्या आधीच यंत्र काढून बसला होता!

काय बोलली ते ऐकायची मला गरजच उरली नाही.

"ओढा!" मी ओरडले. "दाजी, दोर ओढा! पोरगी बाहेर काढा!"

वरून हॅमिश आरडाओरडा करत होता, प्रसंग बिघडला म्हणून. मी दोर धरला, मग दाजी भानावर आले. तानेल खडकावरून खाली पडली, बुडाली, वर आली, रडू लागली. आम्ही ओढत होतो तेव्हाच घळीच्या वळणामागून आवाज आला, लांबून ट्रकचा ताफा यावा तसा. पावसाचा एक थेंब नसताना तपकिरी पाण्याची भिंत आली. अख्खी झाडं होती तिच्यात, मुळांसकट. आम्ही पोरीला बगलेत मारून कातळावर चढलो, तोवर मधला खडक दिसेनासा झाला होता. रबरी साप एकदा उभा राहिला आणि पाण्याने त्याला खाली ओढलं. तो पुन्हा वर आला नाही.

कड्यावरची सगळी माणसं खाली धावत आली. हॅमिश मटकन बसला.

आई आली ती आमच्याकडे पाठ करून, उलटी चालत, हाताने कातळ चाचपत. आमच्यापासून बरीच लांब थांबली आणि तशीच बसली. दाजी तिच्याकडे पाठ करून बसले होते. तानेल मधे, टॉवेलात, दात वाजवत.

"तानेल," आई म्हणाली. आवाज इतका बारीक की आईचा वाटेना. "तुझ्या बापाला सांग, मी काही बोलले नाही."

"बाबा, आजी म्हणते, ती काही बोलली नाही."

दाजींनी मान आणखी खाली घातली.

"आजीला सांग, मी काही ऐकलं नाही."

तिने सांगितलं. मग लेकरू दोन्ही पाठींकडे आळीपाळीने बघत राहिलं. "मग मला ओढायला कुणी सांगितलं?"

खाली पाणी अजून चढत होतं, आमच्या पायांपासून हातभर अंतरावर, आणि मला ते कान देऊन ऐकतंय असं वाटलं.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "मीच. चल, उठा सगळे, वर चला."